बिस्किटांची गोड वाटी आणि घरातील वडीलधारी माणसे

डिसेंबरातील एक संध्याकाळ. वसई गावात घरोघरी नाताळाच्या चांदण्या लागल्या होत्या. ८१ वर्षांच्या एका आजींना घेऊन त्यांची सून आणि महाविद्यालयात शिकणारा नातू माझ्या दवाखान्यात आले. आजींना वीस-बावीस वर्षांचा मधुमेह. तक्रार अशी, की पहाटे उठताना चक्कर येते, दरदरून घाम येतो आणि रात्री खोकल्याची उबळ येते. वजन वर्षभरात ४६ किलोवरून ३९ किलोवर आलेले. सून मोठ्या निष्ठेने म्हणाली, ''डॉक्टर, आईंना साखरेचा कणही देत नाही हो आम्ही. तरी त्यांच्या गादीखाली बिस्किटांची रिकामी पाकिटे सापडतात. तुम्हीच समजावा त्यांना.'' आजी मान खाली घालून बसल्या होत्या. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मी जुनी फाइल उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते, 'गोड पूर्ण बंद'. तारीख आठ वर्षांपूर्वीची. त्या वेळी आजी ७३ वर्षांच्या होत्या, वजन चांगले ६८ किलो होते आणि रक्तातील साखर आटोक्याबाहेर होती. तेव्हा तो सल्ला योग्य होता. मध्यंतरी शरीर बदलले, भूक मंदावली, दात गेले, वजन उतरले. पण तो सल्ला आणि साखर उतरवणारी ती गोळी मात्र तशीच चालू राहिली. सुनेने आज्ञा पाळली होती. चूक माझी होती. तिचा फेरविचार मी करायला हवा होता.

तपासणीत आजींची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ टक्के निघाली. तरुण माणसाला शाबासकी द्यावी असा हा आकडा. पण गोळ्या घेणाऱ्या, ३९ किलो वजनाच्या वृद्धेच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा असतो. पहाटेची चक्कर साखर उतरल्याची होती. आणि रात्रीचा खोकला? अंधारात, आडवे पडून, दातांच्या कवळीशिवाय कोरडी बिस्किटे खाल्ल्याचा.

निघता निघता नातवाने संकोचत विचारले, ''डॉक्टर, मी आजीसाठी बिस्किटांचे पुडिंग केले तर चालेल का? तिला फार आवडते.'' वाचकहो, आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

हा पदार्थ आपल्या घरात आला कसा?

विकतची बिस्किटे कुस्करून घरी गोड पदार्थ करणे ही काही आजकालची टूम नव्हे. गोव्यातील घरांत आणि उपाहारगृहांत 'सेराडुरा' नावाचे पुडिंग लोकप्रिय आहे. फेटलेली साय आणि गोड आटीव दूध यांचा एक थर, त्यावर मारी बिस्किटांच्या बारीक चुऱ्याचा दुसरा, असे थर पेल्यात रचून ते थंड करतात. पोर्तुगीज भाषेत सेराडुरा म्हणजे लाकडाचा भुसा; बिस्किटांचा चुरा तसा दिसतो म्हणून हे नाव. पोर्तुगालमधून हा पदार्थ मकावमध्ये आणि गोव्यात रुजला. आपली वसईही १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होती. पण त्या काळी हे पुडिंग इथे असणे शक्य नव्हते, कारण मारी बिस्किट जन्मले तेच १८७४ साली. लंडनच्या एका बिस्किट कंपनीने रशियाची राजकन्या मारिया आणि इंग्लंडचा राजपुत्र यांच्या विवाहानिमित्त ते बाजारात आणले. पुढे ते पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये घराघरांत पोचले आणि त्याच्यापासून तऱ्हेतऱ्हेचे गोड पदार्थ होऊ लागले.

आपल्याकडे बिस्किटांशी जडलेली आठवण वेगळी आहे. विरार लोकलने नोकरीला गेलेल्या पिढीला विलेपार्ल्याजवळ गाडी आली की डब्यात शिरणारा भाजक्या बिस्किटांचा गोडसर वास आठवत असेल. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. पण ते ग्लुकोज बिस्किट आजही चहाच्या बशीत आहे. ओव्हन नसलेल्या मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या वाढदिवसाला याच बिस्किटांचा कुकरमधील केक होत असे, आजही होतो. नाताळात, वाढदिवसाला, नातवंडांच्या सुटीत असे पदार्थ घरी होणारच. तेव्हा ''खाऊ नका'' एवढे सांगून वैद्यकाची जबाबदारी संपत नाही. काय, किती, कोणाला आणि कशा रूपात, हे सांगायला हवे.

पाकिटाची मागची बाजू वाचा

बिस्किट म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि स्निग्ध पदार्थ. पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. जो घटक पहिला, तो सर्वांत जास्त. बहुतेक बिस्किटांत पहिला मैदा आणि पुढच्या एक-दोन जागांवर साखर असते. साखरेची टोपणनावेही ओळखायला शिका : इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही सारी तिचीच भावंडे.

स्थूलमानाने सांगायचे, तर १०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, मारीत २० ते २५ ग्रॅम आणि क्रीम भरलेल्या बिस्किटांत ३५ ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक. उष्मांक कोणत्याही प्रकारात १०० ग्रॅमला सुमारे ४५० ते ५०० कॅलरी. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या हातातील पाकीट वाचणे हेच खरे.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला 'डायजेस्टिव्ह' बिस्किटांबद्दलचा. नाव पचनाचे असले, तरी त्यांत साखरही असते आणि स्निग्धांश मारीपेक्षा बराच जास्त असतो. थोडा कोंडा असतो हे खरे. पण ते पथ्याचे अन्न नव्हे. दुसरा 'शुगर फ्री' बिस्किटांबद्दलचा. साखर नसली तरी मैदा असतोच, आणि मैद्याची पोटात साखरच होते. शिवाय गोडीसाठी त्यांत पुष्कळदा माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. ते रक्तातील साखर कमी प्रमाणात का होईना वाढवतातच. आणि जास्त खाल्ले तर पोट फुगते, जुलाब होतात. वृद्ध माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर काय होते, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको.

आता पुडिंगचा हिशेब पाहू. सेराडुराच्या नेहमीच्या कृतीत ४०० ग्रॅमचा गोड आटीव दुधाचा एक डबा, तेवढीच साय आणि २०० ग्रॅम मारी बिस्किटे वापरतात. अशा आटीव दुधात सुमारे निम्मा भाग साखरच असते. आठ जणांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवावी, असे सुचवले आहे. दिवसाला १५०० कॅलरी खाणाऱ्या वृद्धासाठी ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ३७ आणि १९ ग्रॅम होते. म्हणजे पुडिंगच्या एका पेल्यातच पहिल्या मर्यादेचा बराचसा भाग संपतो आणि दुसरी तर उलटतेच.

कोणाला किती?

सर्व वृद्ध सारखे नसतात. माझ्या दवाखान्यात मी ढोबळ तीन गट करते.

पहिला गट हिंडत्याफिरत्या, वजन बरे असलेल्या, मधुमेही किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरील मंडळींचा. यांनी असा पदार्थ सणावारी, आठवड्यात एखाद्या वेळी, लहान वाटीभर घ्यावा. जेवणाला जोडून घ्यावा आणि त्या जेवणातील एक पोळी किंवा भाताची एक मूद वजा करावी. 'जेवणही पूर्ण आणि वर गोड' हा हिशेब चालत नाही.

दुसरा गट कृश झालेल्या, भूक मेलेल्या, पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या मंडळींचा. यांच्यासाठी वजन घटणे हा साखर थोडी वाढण्यापेक्षा मोठा शत्रू आहे. स्नायू झिजले की तोल जातो, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि अंथरूण धरतो. अशा नाजूक प्रकृतीच्या वृद्धांत साखरेचे उद्दिष्ट शिथिल ठेवावे, तीन महिन्यांची सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास असली तरी चालते, हे आज मधुमेहतज्ज्ञांमध्ये सर्वमान्य आहे. यांना दूध, दही, अंडे घातलेली गोड वाटी रोज थोडी दिली तर ती पथ्यभंग नव्हे, आहाराचाच भाग आहे. मात्र हा निर्णय घरी परस्पर घेऊ नका. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर डॉक्टरांना सांगा आणि जुन्या पथ्याचा व गोळ्यांचा फेरविचार करायला लावा. ''हे पथ्य अजून लागू आहे का?'' हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

तिसरा गट मूत्रपिंड आणि हृदय यांच्या रुग्णांचा. डायलिसिसवर असलेल्यांनी पुडिंग, कस्टर्ड हे पातळ पदार्थ आपल्या पाण्याच्या मोजमापात धरावेत. केळे आणि कोको यांत पोटॅशियम भरपूर असते. ते घालण्याआधी विचारावे. हृदय क्षीण झालेल्यांनी कुकरच्या केकमधील फ्रूट सॉल्टकडे लक्ष द्यावे. त्याच्या पाच ग्रॅमच्या एका पुडीत सुमारे ८५० मिलिग्रॅम सोडियम असते आणि दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमची आहे. केकचे दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ते फार येत नाही. पण मोह आवरला नाही आणि तीन तुकडे झाले, तर पायांवरची सूज दुसऱ्या दिवशी सांगेलच.

गिळण्याचा प्रश्न

साखरेबद्दल सगळे विचारतात, गिळण्याबद्दल कोणी विचारत नाही. पक्षाघात होऊन गेलेला, कंपवात असलेला किंवा स्मृतिभ्रंश झालेला माणूस खाताना खोकत असेल, जेवणानंतर त्याचा आवाज ओलसर, घरघरीत होत असेल, घास गालात साठवून ठेवत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. त्यातून होणारा न्यूमोनिया वृद्धांच्या जिवावर बेततो.

अशांच्या बाबतीत कोरडे बिस्किट हा अवघड पदार्थ आहे. त्याचा भुगा तोंडभर पसरतो आणि घशाला चिकटतो. मग आपण ते चहात बुडवून देतो. पण पातळ चहा आणि त्यात मऊ गोळा अशा दोन घडणी एकाच घासात आल्या, की दुबळ्या घशाला त्या सांभाळणे आणखी कठीण जाते. आटीव दुधात वळलेले बिस्किटांचे चिकट लाडूही नकोत. ते टाळूला चिकटतात. अशा माणसासाठी सर्वत्र एकसारखा, गुठळी नसलेला, दाटसर पदार्थ त्यामानाने सुरक्षित. घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. चमचाभर पदार्थ घ्या. तो चमच्यात आकार धरून बसला पाहिजे. आणि चमचा तिरपा केला की एकसंध घसरून पडला पाहिजे, चमच्याला फारसे काही चिकटून राहता कामा नये. थेंबथेंब गळत असेल तर तो पातळ आहे; चिकटून बसत असेल तर घट्ट आहे. वर सजावटीसाठी सुकामेवा, बिस्किटांचा चुरा काहीही नको.

भरवताना माणसाला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या, चहाच्या चमच्याने भरवा, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्या आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवे करू नका. शेवटी चूळ भरून तोंड स्वच्छ करा. खोकला वारंवार येत असेल तर घरगुती प्रयोग थांबवून गिळण्याची रीतसर तपासणी करून घ्या.

आणखी एक सूचना शुश्रूषा करणाऱ्यांना. गोळी कडू लागते म्हणून ती पुडिंगमध्ये कुटून घालण्याची पद्धत अनेक घरांत दिसते. सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. दिवसभर हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या कुटल्या की एका दिवसाचा डोस एकदम अंगात जातो. प्रत्येक गोळीसाठी आधी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा.

तीन कृती

हलका सेराडुरा, सहा लहान वाट्यांसाठी : अर्धा किलो ताजे दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर टांगावे. चक्का सुमारे पाव किलो निघतो. त्यात १०० ग्रॅम गोड आटीव दूध आणि चिमूटभर जायफळ घालून रवीने किंवा मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत फेटावे. १० ते १२ मारी बिस्किटे बारीक दळावीत. लहान वाट्यांत एक थर चक्क्याचा, एक चुऱ्याचा असे रचून तीन तास थंड करावे. एका वाटीत वरून आलेली साखर सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या पुडिंगच्या जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय सायीऐवजी चक्का आल्याने प्रथिने मिळतात. ही वाटी पहिल्या गटासाठी. गिळण्याची अडचण असलेल्यांना मात्र देऊ नये, कारण तिच्यात कोरडा चुरा आहे.

केळे-मारीचे मऊ पुडिंग, चार वाट्यांसाठी : अर्धा लिटर दुधातील थोडे थंड दूध बाजूला काढून त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवावे. आठ मारी बिस्किटांची पूड करून चाळून घ्यावी. उरलेले दूध तापवून त्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर घालावे, सतत ढवळत शिजवावे. दाट होऊ लागले की बिस्किटांची पूड घालून दोन मिनिटे ढवळावे. कोमट झाल्यावर एका पूर्ण पिकलेल्या केळ्याचा गर चाळणीतून गाळून मिसळावा, वेलदोड्याची पूड घालावी आणि सगळे एकदा मिक्सरमधून फिरवावे. वेगळी साखर लागतच नाही. एका वाटीत सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके येतात, म्हणजे एका पोळीपेक्षा थोडी अधिक. कृश व्यक्तीसाठी दुधातच चार मोठे चमचे दूध पावडर घालावी, प्रथिने वाढतात. हे पुडिंग दुसऱ्या गटासाठी. चमच्याची चाचणी उतरली तर गिळण्याची अडचण असलेल्यांनाही चालते. चाचणी थंड झाल्यावर करावी, कारण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते. फार घट्ट वाटले तर थोडे दूध घालून फेटावे.

वसईच्या वाचकांना इथे सुकेळी आठवतील. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली आपल्या भागातील सुकेळी चवीला अप्रतिम. पण वाळवल्यावर केळ्यातील साखर एकवटते आणि ती चिवट होतात. सुकेळ्याचा तुकडा दूधात भिजवून, वाटून या पुडिंगमध्ये घालायला हरकत नाही. त्याला 'नैसर्गिक' म्हणून हिशेबातून सोडू नका, एवढेच.

कुकरमधील बिस्किट केक, दहा तुकड्यांसाठी : २०० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटे दळावीत. त्यात हळूहळू सुमारे सव्वा कप कोमट दूध घालून भज्यांच्या पिठाइतके सरसरीत मिश्रण करावे. साखर घालू नये. बिस्किटांतच सुमारे ५० ग्रॅम असते, ती पुरते. कुकरची शिटी आणि रबरी कडे काढून, पाणी न घालता, तळाशी मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवून दहा मिनिटे कुकर तापवावा. मग मिश्रणात एक चहाचा चमचा साधे, बिनस्वादाचे फ्रूट सॉल्ट घालून हलक्या हाताने ढवळावे, तूप लावलेल्या भांड्यात लगेच ओतावे आणि मंद आचेवर ३० ते ४० मिनिटे भाजावे. एका तुकड्यात सुमारे पाच ग्रॅम साखर. हा केक कोरडा आणि भुसभुशीत होतो, म्हणून तो दात आणि घसा शाबूत असलेल्यांसाठीच.

वीज, उकाडा आणि फ्रिज

दूध, दही, सायीचे पदार्थ आपल्या दमट हवेत झपाट्याने नासतात. पुडिंग शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे आणि दोन दिवसांत संपायला हवे. कच्चे अंडे घातलेली पुडिंगे वृद्धांसाठी करूच नयेत. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा किती वेळ वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. पावसाळ्यात एरवीही वीज तासन्‌तास जाते. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून अधिक वेळ वीज गेली असेल तर दुधाचे पुडिंग वासावर आणि चवीवर न पारखता टाकून द्यावे. नासलेले अन्न नेहमी वास देतेच असे नाही. अन्न टाकताना आपल्या पिढीचा जीव तुटतो, हे मला कळते. पण वृद्धांच्या उलट्या-जुलाबांची किंमत त्याहून मोठी असते. सुके बिस्किटांचे बंद पाकीट मात्र अशा दिवसांसाठी घरात जरूर असावे.

साखर उतरली तर बिस्किट नव्हे

एक जीव वाचवणारी गोष्ट सांगून ठेवते. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम, थरथर, गोंधळ, चक्कर सुरू झाली, तर घरचे घाईघाईने 'ग्लुकोज'चे बिस्किट देतात. नावात ग्लुकोज असले तरी त्यातील मैदा आणि स्निग्धांश पचायला वेळ लागतो. त्या क्षणी १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी साखर तपासावी, अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर मग बिस्किटे, दूध, पोळी. व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकार्बोस घेणाऱ्यांना मात्र घरची साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडरच हवी. तिचा एक डबा त्या घरांत कायम असावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आजींचे पुढे काय झाले?

त्या संध्याकाळी मी आजींची साखर उतरवणारी ती गोळी बंद केली. दुसरी, साखर न उतरवणारी चालू ठेवली. जुन्या पानावरचे 'गोड पूर्ण बंद' खोडून त्याखाली तारीख घालून लिहिले, 'दुपारी चार वाजता मऊ पुडिंगची एक लहान वाटी, बसून, कवळी लावून'. सून साशंक होती. ''मग इतकी वर्षे आम्ही उगीच अडवले का त्यांना?'' असे तिने विचारले. मी सांगितले, ''उगीच नव्हे. तेव्हा ते बरोबर होते. बदलायला हवे होते ते मी बदलले नाही.''

नातवाने पुडिंग करायचे मनावर घेतले. पहिल्यांदा ते पातळ झाले, दुसऱ्यांदा खळीसारखे घट्ट. तिसऱ्यांदा चमच्यावरून नीट घसरले. फेब्रुवारीच्या अखेरीस आजी आल्या तेव्हा वजन ४०.८ किलो होते, सरासरी साखर ७.४ टक्के. पहाटेची चक्कर थांबली होती. रात्रीचा खोकला पूर्ण गेला नव्हता, पण कमी झाला होता. गिळण्याच्या तपासणीसाठी मी त्यांना पुढे पाठवले. ८१ व्या वर्षी सगळे प्रश्न सुटत नाहीत. गादीखाली मात्र आता पाकिटे सापडत नाहीत, असे सुनेने सांगितले. आजी म्हणाल्या, ''आता चोरून कशाला खाऊ? चार वाजता तो वाटी घेऊन येतो, समोर बसतो. पोराचे कॉलेज, त्याचे मित्र, सगळे मला तेव्हाच कळते.''

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाचे पथ्य शेवटचे कधी तपासून घेतले, हे आज जरा आठवून पाहा. औषधांची यादी, गेल्या सहा महिन्यांतील वजन आणि खाताना येणारा खोकला, या तीन गोष्टी कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा. त्यानंतर बिस्किटांची पूड करायला घ्या.